मागितल्या दिवसापासून



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर फौजेतून निवृत्त झाले आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी निवृत्त जवानांना तपासण्यात घालवली. त्यामुळे विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. फौजेतून घरी आलेल्या माणसाला डॉक्टरची वेळ कशी मिळते, किती दिवसांनी मिळते आणि ती लवकर मिळावी म्हणून काय करता येतं, एवढंच मला आज बोलायचं आहे. विषय कारकुनी वाटेल. पण तारीख देणं हे उपचारातलंच पहिलं काम आहे, असं मी मानतो. आणि ते काम नीट होतंय का हे कळायचं असेल, तर दिवस मोजायला सुरुवात रुग्णानं वेळ मागितली त्या दिवसापासून करावी लागते. रुग्णालयाला सोयीच्या वाटणाऱ्या दिवसापासून मोजून चालत नाही. हे सांगायला नको इतकं उघड आहे. तरीही अमेरिकेतली सर्वांत मोठी एकात्मिक आरोग्यव्यवस्था नेमकी इथेच घसरली, म्हणून आजचा बराचसा वेळ मी तिच्यावर खर्च करणार आहे.

ही व्यवस्था म्हणजे अमेरिकेच्या निवृत्त सैनिक खात्याची आरोग्यसेवा. तिथले लोक तिला नुसतं ‘व्हीए’ म्हणतात. सुमारे नव्वद लाख निवृत्त सैनिकांची तिथे नोंदणी आहे, आणि स्वतःची रुग्णालयं, स्वतःचे डॉक्टर, स्वतःची संगणकप्रणाली असा तिचा पसारा देशभर आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये सीएनएन वाहिनीनं एक बातमी दिली. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या व्हीए रुग्णालयातून नुकतेच निवृत्त झालेले डॉ. सॅम फूट यांचं म्हणणं होतं की तिथे प्रतीक्षायाद्या दोन आहेत. एक वॉशिंग्टनला दाखवायची आणि दुसरी खरी. वाट पाहता पाहता चाळीसएक माणसं गेली, असा त्यांचा आरोप होता. एका वृद्ध नौसैनिकाच्या घरी तर तो वारल्यानंतर फोन आला, तुमच्या भेटीची वेळ ठरली आहे म्हणून.

खात्याच्या महानिरीक्षकांनी तपास केला. २८ मे २०१४ च्या अंतरिम अहवालात त्यांनी फिनिक्सच्या २२६ रुग्णांचा नमुना तपासला आहे. रुग्णालयाच्या कागदांवर पहिल्या भेटीसाठीची सरासरी प्रतीक्षा होती २४ दिवस. प्रत्यक्षात निघाली ११५ दिवस. शिवाय सुमारे १,७०० जण असे सापडले की ज्यांनी डॉक्टरची वेळ मागितली होती, पण अधिकृत इलेक्ट्रॉनिक यादीत त्यांचं नावच नव्हतं. काहींनी मदतक्रमांकावर फोन केला होता. कर्मचाऱ्यानं संगणकाच्या पडद्यावरची त्यांची माहिती कागदावर छापून घेतली, नंतर यादीत घालू म्हणून कागद बाजूला ठेवला, आणि तो तिथेच राहिला. कागद यादीत चढत नाही तोवर त्या माणसाची प्रतीक्षा सुरूच होत नव्हती. अहवाल आल्यावर दोनच दिवसांनी खात्याचे मंत्री जनरल एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. व्हिएतनाममध्ये लढताना पायाचा काही भाग गमावलेला हा सेनाधिकारी होता. सैनिकांविषयीच्या त्यांच्या कळकळीबद्दल शंका घ्यायला मला जागा दिसत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अंतिम अहवालात महानिरीक्षकांनी तीन हजारांवर रुग्णांची प्रकरणं पाहिली. वेळेवर उपचार न मिळाल्यामुळेच ते मृत्यू झाले असं ठामपणे म्हणता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. वृद्ध, बहुव्याधिग्रस्त माणसांच्या बाबतीत कार्यकारण इतकं सरळ मांडता येत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगेल. पण म्हणून ११५ चे २४ होणं लहान ठरत नाही. ज्याला आपण चार महिने थांबवतोय, तो चार महिने थांबलाय एवढं तरी कुठेतरी खरं लिहिलेलं असावं.

आता हे २४ कुठून आले, ते जवळून पाहू. नियम असा होता की रुग्णाला कोणत्या दिवशी यायचं आहे ते त्याला आधी विचारायचं, ती तारीख संगणकात भरायची, मग मोकळी वेळ शोधायची. हवी असलेली तारीख आणि मिळालेली तारीख यांच्यातलं अंतर म्हणजे प्रतीक्षा. प्रत्यक्षात खिडकीवरचं बोलणं साधारण असं होई.

“सर, कधी यायचंय तुम्हाला?”

“लवकरात लवकर द्या, बाई. छातीत दुखतंय अधूनमधून.”

बाई पडद्यावर शोधतात. मार्च गेला, एप्रिल गेला. “१४ जूनला जागा दिसतेय. चालेल?”

“दुसरी नसेलच तर चालेल.”

बाई ‘हवी असलेली तारीख’ या रकान्यात १४ जून लिहितात आणि ‘मिळालेली तारीख’ या रकान्यातही १४ जून लिहितात. प्रतीक्षा शून्य दिवस. छातीत दुखणारा माणूस तीन महिन्यांनंतरची तारीख घेऊन घरी गेला आणि वॉशिंग्टनमधल्या तक्त्यात त्याच्या नावापुढे सर्वोत्तम सेवा मिळाल्याची नोंद झाली.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत आणि खोटी सहीही केली नाही. रुग्ण ‘चालेल’ म्हणाला हे तर खरंच होतं. पण नाइलाजानं दिलेला होकार त्याची इच्छा म्हणून नोंदला गेला, आणि एकदा हे शक्य आहे म्हटल्यावर ते देशभर होत गेलं. २०१४ च्या जूनमध्ये खात्यानं आपल्या ७३१ केंद्रांच्या पाहणीचा अहवाल दिला. तारखा देणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी १३ टक्के लोकांनी सांगितलं की रुग्णानं मागितलेल्या तारखेऐवजी दुसरी तारीख भरायला आम्हाला शिकवलं होतं. ५७ हजारांहून अधिक लोक पहिल्या भेटीसाठी नव्वद दिवसांवर थांबलेले निघाले. मागच्या दहा वर्षांत नाव नोंदवलेले पण एकदाही डॉक्टरची भेट न मिळालेले निघाले सुमारे ६४ हजार.

हे अचानक घडलेलं नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये खात्याच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं परिपत्रक काढून आकडे सजवायच्या युक्त्यांची यादी देऊन त्या बंद करायला सांगितलं होतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं लिहिलं की व्हीएचे प्रतीक्षेचे आकडे विश्वासार्ह नाहीत. महानिरीक्षकांचे २००५ पासूनचे प्रतीक्षेवरचे अहवाल मोजले तर १८ भरतात. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मग थांबलं का नाही? कारण मधल्या काळात वरून लक्ष्य आलं होतं, १४ दिवसांत भेट. हेतू चांगला होता. पण ते लक्ष्य संचालकांच्या कामगिरीच्या मूल्यमापनाशी जोडलं गेलं, आणि डॉक्टर मात्र मागणीच्या मानानं अपुरेच राहिले. इराक आणि अफगाणिस्तानातून तरुण परत येत होते, व्हिएतनामची पिढी सत्तरीकडे झुकत होती. वाढत्या मागणीपुढे १४ दिवस शक्यच नव्हते, हे खात्यानं २०१४ च्या पाहणीत स्वतःच कबूल केलं आणि लक्ष्य मागे घेतलं. अशक्य लक्ष्य दिलं की त्याचा भार उतरत उतरत शेवटी खिडकीवर बसलेल्या माणसावर येतो. त्याच्या हातात डॉक्टर वाढवणं नसतं, खोल्या वाढवणं नसतं. त्याच्या हातात फक्त एक रकाना असतो.

त्या खिडकीवरच्या माणसाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सुधारणेच्या चर्चेत तो सर्वांत शेवटी येतो. व्हीएमध्ये तारखा देणारे कर्मचारी पगाराच्या खालच्या पायऱ्यांवर होते. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं, शिकवणूक त्रोटक होती. त्यांच्यापुढची प्रणाली १९८५ च्या सुमाराची, काळ्या पडद्यावर अक्षरं सरकणारी. महिन्याची दिनदर्शिका एकत्र दिसण्याची सोय तिच्यात नव्हती. एका रुग्णाला हृदयतज्ज्ञ, रक्ततपासणी आणि डोळे अशा तीन वेळा एकाच दिवशी द्यायच्या म्हटलं तर एकेका ओपीडीचा पडदा उघडायचा, बंद करायचा, तारखा कागदावर टिपायच्या, जुळल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर फोन वाजत असतो आणि समोर रांग असते. दूरच्या गावाहून दीडदोनशे किलोमीटर गाडी हाकत येणाऱ्या माणसाला तिन्ही कामं एका खेपेत होणं किती मोलाचं असतं, ते त्या कर्मचाऱ्याला कळत नव्हतं असं नाही. त्याच्या हातातलं साधनच ते करू देत नव्हतं.

ही प्रणाली बदलायचे प्रयत्न झाले. २००० साली नवी प्रणाली करायला घेतली. नऊ वर्षांत अंदाजे १२ कोटी ७० लाख डॉलर खर्चून २००९ मध्ये ते काम गुंडाळलं. २०१५ मध्ये दुसरं, ६२ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतचं कंत्राट दिलं. ते चालू असतानाच २०१८ मध्ये सर्नर कंपनीशी पूर्ण वैद्यकीय नोंदींचा सुमारे हजार कोटी डॉलरचा करार झाला आणि आधीचं बाजूला पडलं. हे आकडे सांगण्यामागचा हेतू यंत्राला विरोध करण्याचा नाही. पण ठरलेला नियम यंत्रात नीट उतरला नाही की काय होतं, याचं २०२२ मधलं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही.

ओहायो राज्यातल्या कोलंबस इथल्या व्हीए केंद्रात सर्नरची ही नवी प्रणाली सुरू झाली होती. मानसिक आजारासाठी उपचार घेणारा एक निवृत्त सैनिक ठरल्या दिवशी आला नाही. अशा रुग्णाला पुन्हा संपर्क करायचा, फोन करायचे, पत्र पाठवायचं असा नियम तिथे आहे, आणि नियम चांगला आहे. चुकलेली भेट कर्मचाऱ्यांच्या कामाच्या यादीत आपोआप येते आणि तिथून पाठपुरावा सुरू होतो, अशी व्यवस्था होती. नव्या प्रणालीत ती नोंद यादीत आलीच नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे पाठपुरावा झाला नाही. सुमारे सात आठवड्यांनी तो माणूस ओव्हरडोसनं गेला. मार्च २०२४ मध्ये महानिरीक्षकांनी लिहिलं की वेळापत्रकातल्या या चुकीचा आणि अपुऱ्या मानसोपचाराचा त्या मृत्यूला हातभार लागला. मनानं खचलेल्या माणसाचं ठरल्या वेळी न येणं हे लक्षण असतं. डॉक्टरनं ताप पाहावा तसं ते पाहायचं असतं. आपल्याकडे न येणाऱ्याला बेफिकीर म्हणून पुढच्याचं नाव पुकारतात. मला वाटतं वेळापत्रकाच्या कोणत्याही सुधारणेची पहिली कसोटी हीच असावी: जो आला नाही त्याची नोंद कोणापुढे जाते?

फिनिक्स प्रकरणानंतर संसदेनं जो कायदा केला त्यात तंत्रज्ञांचा एक अभ्यासगट नेमण्याची तरतूद होती. नॉर्दर्न व्हर्जिनिया टेक्नॉलॉजी कौन्सिल या उद्योगसंस्थेनं तो अभ्यास केला. संगणक कंपन्यांचीच माणसं ती. त्यांनी नवं सॉफ्टवेअर घ्या म्हणून सांगितलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. तेही त्यांनी सांगितलं. पण त्याचबरोबर त्यांनी लिहिलं की कारकुनी आणि मदतनीस कर्मचारी नीट भरा, टिकवा, शिकवा, फोनव्यवस्था सुधारा, आणि गाड्या लावायला जागा करा, कारण रुग्ण वेळेत दारापर्यंत येतो आणि वाहनतळात अडकून भेट चुकवतो. प्रत्यक्ष जाऊन रांगेत उभं राहिल्याशिवाय हे सुचत नाही.

आता मूळ गणित. डॉक्टर कमी म्हणून तारखा लांब, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरं असतं, नेहमी नसतं. कॅलिफोर्नियातल्या रोझविल इथे कैसर पर्मनंटे या संस्थेत डॉ. मार्क मरे आणि कॅथरिन टँटो यांनी नव्वदच्या दशकात याचा विचार केला. टाकीतलं पाणी वर्षभर त्याच पातळीला राहत असेल, तर येणारं आणि जाणारं पाणी सारखंच आहे. एखाद्या ओपीडीत प्रतीक्षा वर्षानुवर्षं दोन महिनेच राहत असेल, वाढत नसेल, तर डॉक्टर रोजच्या मागणीइतकं काम करतायत. अडून बसलाय तो जुना साठा. तो साठा एकदा जादा काम करून उपसला की आज मागणाऱ्याला आज किंवा उद्या पाहता येतं, आणि तेवढ्याच डॉक्टरांत. त्यांच्या केंद्रात ५५ दिवसांची सरासरी प्रतीक्षा वर्षभराच्या आत एका दिवसावर आली. व्हीएनंही पुढे ही पद्धत काही काळ चांगल्या उत्साहानं राबवली होती.

याला दोन पथ्यं आहेत. पहिलं, तातडीचे, जुने, नवे, फॉलोअपचे असे वेळांचे फार कप्पे पाडायचे नाहीत, कारण ते पाडत गेलं की प्रत्येक कप्प्याची वेगळी रांग तयार होते आणि एक कप्पा रिकामा असताना दुसरा तुंबतो. दुसरं, डॉक्टरनं सवयीनं प्रत्येकाला ‘तीन महिन्यांनी या’ सांगणं टाळायचं. ज्याचा रक्तदाब वर्षभर स्थिर आहे त्याला तीन महिन्यांनी बोलावलं तर नव्या माणसाची जागा जाते. हे फक्त डॉक्टरच बदलू शकतो.

अमेरिकेत पुढे काय झालं? २०१४ च्या कायद्यानं तीस दिवसांत वेळ मिळत नसेल किंवा घर चाळीस मैलांपेक्षा लांब असेल तर खासगी डॉक्टरकडे जायची मुभा दिली. ऐकायला सोपं. पण संदर्भचिठ्ठी, मंजुरी, मधली कंपनी, खासगी डॉक्टरची वेळ या साखळीत सगळ्या मुदती धरल्या तर सत्तर दिवस लागू शकतात, असं संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखवलं. रांग एका दारातून उठून दुसऱ्या दाराशी गेली होती. २०१९ पासून नवे निकष आले. प्राथमिक आणि मानसिक उपचारांसाठी २० दिवस, तज्ज्ञांसाठी २८, आणि ते मोजायचे मागणीच्या तारखेपासून. एवढी साधी गोष्ट नियमात यायला इतकी मोठी नाचक्की व्हावी लागली. व्हीएनं स्वतःचं घरही सुधारलं. २०१९ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मोठ्या शहरांतल्या चार वैद्यकीय विभागांची तुलना आहे. २०१४ मध्ये व्हीएची सरासरी प्रतीक्षा २२.५ दिवस होती, २०१७ मध्ये १७.७ झाली. त्याच काळात खासगी क्षेत्राची १८.७ वरून २९.८ वर गेली. सरकारी व्यवस्था सुधारतच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

लहान वाटणाऱ्या एका सुधारणेकडेही पाहा. व्हीएत नोंदल्या जाणाऱ्या सेवाजन्य विकारांत कानात सतत आवाज येणं हा पहिल्या क्रमांकाचा विकार आहे, आणि ऐकू कमी येणं हाही वरचाच. तोफेजवळ, विमानाच्या धावपट्टीवर, इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला फोनवरून तारीख सांगायची म्हणजे निम्मं काम वायाच. २०१८ पासून तिथे भेटीची आठवण संदेशानं जाते आणि यायला जमणार नसेल तर उलट संदेश करून भेट रद्द करता येते. ती जागा दुसऱ्याला मिळते.

आता आपल्या दाराशी येऊ. १ एप्रिल २००३ पासून आपल्याकडे माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. घरोघर तिला ईसीएचएसच म्हणतात. त्याआधी पेन्शनीत गेलेल्या जवानासाठी देशभर पसरलेली अशी स्वतंत्र सोय नव्हती, त्यामुळे या योजनेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आज चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरसारख्या फौजी जिल्ह्यांत त्यांचा मोठा आधार आहे. मे २०२१ पासून ‘सेहत ओपीडी’तून दूरस्थ सल्लाही मिळतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी पाहिलेली एक सकाळ सांगतो. डोंगरातल्या वाडीवरून एक हवालदारसाहेब पहाटेच्या एसटीनं आले होते. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कार्ड, जुने कागद, डोळ्यांचे थेंब. खिडकीवर नंबर आला तेव्हा कळलं की डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीत, गुरुवारी असतात. खिडकीवरचा मुलगा अदबीनं बोलला. “काका, गुरुवारी या, लवकर नंबर लावून देतो.” हवालदारसाहेब “बरं” म्हणाले आणि परत फिरले. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नव्हतं. कारण त्यांना कोणी तपासलं नव्हतं, आणि रजिस्टर तपासलेल्यांचं असतं. गुरुवारी ते आले तर त्या दिवशीच्या यादीत चढतील आणि कागदावर त्यांची प्रतीक्षा काही तासांची दिसेल. गुरुवारी आलेच नाहीत, तर ते कधी आले होते हेच कुठे राहणार नाही.

फिनिक्समध्ये मागणी खोट्या तारखेखाली दडली. त्या सकाळी ती लिहिलीच गेली नाही. पुढे योजनेच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलसाठी रेफरल मिळतं, त्यावर ते दिल्याची तारीख असते. पण तिकडच्या तज्ज्ञानं प्रत्यक्ष कधी पाहिलं ते परत येऊन त्या तारखेशेजारी लिहिलं गेलेलं मी पाहिलं नाही. मग डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकाऐवजी दोन दिवस हवेत, हे वर कोणत्या आधारावर सांगायचं? ओआयसीसाहेबांची, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांची, इच्छा असली तरी त्यांच्या हातात आकडा नसतो.

तो आकडा आपण गोळा करू शकतो, आणि त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहायला नको. इथे बसलेल्या माजी सैनिक संघटनांमध्ये फौजेत क्लार्क म्हणून आयुष्य काढलेली माणसं आहेत. रोजनामचा कसा ठेवायचा ते त्यांना मी शिकवायची गरज नाही. पॉलिक्लिनिकच्या परवानगीनं, दाराशी एक टेबल आणि एक वही. माणूस कोणत्या तारखेला कशासाठी आला. तपासलं नसेल तर का परत गेला. रेफरल कधी मिळालं. आणि शेवटी तज्ज्ञानं त्याला कधी पाहिलं. वहीत निदान लिहायचं नाही, कोणाचा आजार चारचौघांत जायला नको. ठरल्या दिवशी जो आला नाही त्याच्या नावापुढे त्याच संध्याकाळी फोन झाला की नाही तेही लिहायचं, आणि त्याला ऐकू येत नसेल तर सुनेचा किंवा नातवाचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा. ही वही तक्रार म्हणून नेऊ नका. दर महिन्याला ओआयसींपुढे ठेवा. त्यांनाही ती वरिष्ठांकडे न्यायला उपयोगी पडेल.

सगळ्या विभागांची वही एकदम सुरू करू नका, दमाल. पहिले काही महिने फक्त डोळ्यांची ठेवा. मोतीबिंदू आपल्या वयोवृद्ध जवानांत घरोघर आहे, त्याची शस्त्रक्रिया सुटसुटीत आहे, आणि पहिल्यांदा खिडकीवर आल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस गेले ते कोणालाही मोजता येतं. ते दिवस एकदा वहीत दिसले की हृदयाची आणि कानाची वही कधी सुरू करायची, ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.